पुण्यात वेधशाळा उभारणाऱ्या कॅप्टनने १८५५ मध्येच दुसऱ्या ताऱ्याभोवती ग्रह असल्याचा दावा केला होता

मे-जूनच्या रात्री नाशिकमधून त्र्यंबकच्या दिशेने निघा. शहराचे दिवे मागे पडले की आग्नेयेला वृश्चिक रास दिसते आणि तिच्या वर पसरलेला भुजंगधारी. यातला ७० ऑफियुकी हा तारा डोळ्यांना एकच, तोही मिणमिणता दिसतो. दुर्बिणीतून मात्र ते दोन तारे निघतात, एकमेकांभोवती ८८ वर्षांत एक फेरी मारणारे.

या जोडीने एका लष्करी इंजिनिअरला झपाटलं होतं. त्याचं नाव कॅप्टन विल्यम स्टीफन जेकब.

जेकब यांचा जन्म १८१३ चा, इंग्लंडमधल्या एका पाद्र्याच्या घरातला. सिंधमधलं जेकबाबाद ज्यांच्या नावाने वसलं, ते जनरल जॉन जेकब त्यांचे सख्खे भाऊ. विल्यम १८३१ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत मुंबईला आले, सर्व्हेच्या कामाला लागले. पण लक्ष सगळं आकाशात. १८४२ मध्ये त्यांनी पुण्यात स्वतःची खासगी वेधशाळा उभारली आणि जोडताऱ्यांची मोजमापं सुरू केली. पुढे कॅप्टन झाल्यावर लष्करी नोकरीच सोडली आणि १८४८ च्या अखेरीस ते मद्रास वेधशाळेचे प्रमुख झाले.

आता मुद्दा असा की न दिसणारी गोष्ट शोधायची कशी?

फुगडी आठवा. अंधारात एकच बाई दिसत असेल, तरी तिचं मागे झुकणं पाहून कळतं की समोरून कोणीतरी हात धरलेत. ताऱ्यांचंही तसंच. १८४४ मध्ये जर्मनीच्या बेसेलने व्याधाची वाकडी चाल पाहून त्याला अदृश्य जोडीदार असल्याचं सांगितलं होतं.

जेकब यांना ७० ऑफियुकीतले तारे हिशोबातल्या जागी सापडेनात. १८५५ मध्ये त्यांनी लिहिलं की या जोडीत एखादा ग्रह असण्याची दाट शक्यता आहे. सूर्याबाहेरच्या ग्रहाचा, मोजमापांवर आधारलेला हा बहुधा पहिलाच दावा.

तो टिकला नाही. १८९६ मध्ये अमेरिकेच्या टी. जे. जे. सी यांनी तिथे काळा सोबती असल्याचं पुन्हा सांगितलं, तर १८९९ मध्ये मोल्टन यांनी गणिताने दाखवून दिलं की अशी कक्षा टिकूच शकत नाही. दोष मोजमापांत होता. एवढ्या बारीक फरकासाठी त्या काळातली साधनं अपुरीच होती, त्यात जेकब यांचा तरी काय दोष!

तब्येत साथ देईना म्हणून त्यांनी मद्रास सोडलं, पण आकाश सोडवेना. पुण्याजवळ डोंगरावर वेधशाळा बांधायची ठरली. नऊ इंची दुर्बीण त्यांनी स्वतः विकत घेतली, ब्रिटिश संसदेने १,००० पौंड मंजूर केले. ८ ऑगस्ट १८६२ ला ते मुंबईत उतरले आणि १६ ऑगस्टला पुण्यात वारले. वय ४८.

त्याच वर्षी जानेवारीत अमेरिकेत आल्व्हन क्लार्कला व्याधाचा तो जोडीदार प्रत्यक्ष दिसला होता. आकार पृथ्वीएवढा, वजन सूर्याएवढं, म्हणजे श्वेत बटू.

आणि २०२२ मध्ये युरोपच्या गाया दुर्बिणीच्या नोंदींमध्ये सूर्यासारखा एक तारा १८६ दिवसांच्या फेरीत डुलताना सापडला. त्याच्या जोडीला सूर्याच्या जवळपास दहापट वजनाचं कृष्णविवर निघालं. अंतर सुमारे १,५६० प्रकाशवर्षं, आणि तेही भुजंगधारीतच.