विनोबांचा शोध आणि बडोदे

आचार्य विनोबा भावे यांचे नाव उच्चारताच गागोदे, साबरमती, वर्धा, पवनार आणि पोचमपल्ली ही स्थळे आठवतात. बडोद्याचे नाव त्या मालिकेत सहसा येत नाही. तथापि आयुष्य कशासाठी वेचावे, हा प्रश्न त्यांच्यापुढे प्रथम उभा राहिला तो याच नगरीत. ग्रंथालयाच्या शताब्दीनिमित्त त्यांचे स्मरण करण्यास आणखी एक कारण आहे. या नगरीने जे मोठे वाचक घडविले त्यांत विनोबांची गणना करावी लागते. आणि याच वाचकाने आपली प्रमाणपत्रे स्वतःच्या हाताने चुलीत घातली. या दोन गोष्टींची संगती लावू गेल्यास त्यांच्या जीवनाचे मर्म पुष्कळसे उलगडते.

विनायक नरहर भावे यांचा जन्म ११ सप्टेंबर १८९५ रोजी तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातील गागोदे या खेड्यात झाला. वडील नोकरीनिमित्त बडोद्यास होते, आणि वयाच्या दहाव्या वर्षाच्या सुमारास विनायकही येथे आले. नरहरपंत शास्त्रीय वृत्तीचे, काटेकोर, रंगांच्या रसायनात रमणारे गृहस्थ होते. मातोश्री रुक्मिणीबाई फारशा शिकलेल्या नव्हत्या, परंतु भक्तिभाव आणि व्यवहारातील शहाणपण यांचा त्यांच्या ठायी सुरेख संगम झाला होता. एकदा त्यांनी देवाला एक लक्ष तांदूळ वाहण्याचा संकल्प केला आणि त्या रोज एकेक दाणा मोजून वाहू लागल्या. नरहरपंतांनी सुचविले की, तोळाभर तांदळात किती दाणे येतात ते पाहावे आणि त्या हिशेबाने सारे तांदूळ तोलून घ्यावेत. गणित अचूक होते, तरी आईला ते पटेना. तिने मुलाचे मत विचारले. गणित हाच ज्याचा आवडता विषय, त्या मुलाने सांगितले की हा प्रश्न हिशेबाचा नसून प्रत्येक दाण्यागणिक होणाऱ्या स्मरणाचा आहे. कर्माचे मोल आणि कर्माचे माप या भिन्न गोष्टी आहेत, हा विवेक त्यांना इतक्या कोवळ्या वयात लाभला होता.

शेजारीण आजारी पडली की रुक्मिणीबाई तिच्या घरी जाऊन स्वयंपाक करीत. मात्र त्याआधी आपल्या घरचा उरकून घेत. विनायकास हा स्वार्थ वाटला. त्यावर आईने समजाविले की, शेजाऱ्यांचे आधी केले तर जेवणाच्या वेळेपर्यंत त्यांचे अन्न निवून जाईल. परोपकारातही दुसऱ्याची सोय बारकाईने पाहावी लागते, हा धडा त्यांना कोणत्याही पुस्तकातून मिळाला नसता.

त्या काळचे बडोदे हे श्रीमंत सयाजीराव महाराजांचे बडोदे होते. १९०६ साली संस्थानभर सक्तीचे व मोफत प्राथमिक शिक्षण लागू झाले होते, आणि १९१० साली महाराजांनी अमेरिकेहून बोलाविलेल्या बोर्डन यांच्या देखरेखीखाली सार्वजनिक ग्रंथालयांची चळवळ उभी राहिली. विनायक या वैभवाचे मनःपूत वारस झाले. उन्हाळ्यात एकदा अंगातील सदरा काढून ते वाचीत बसले असता ग्रंथालयातील सेवकाने त्यांना हटकले आणि तक्रार वरिष्ठांपर्यंत गेली, असे सांगतात. परंतु मुलाची निर्भय उत्तरे आणि वाचनाची तळमळ पाहून वरिष्ठांनी त्याला वाचनाची अधिकच मोकळीक दिली. वाचनाखेरीज त्यांना दुसरा छंद होता तो भर उन्हात मैलोगणती चालण्याचा. १९१४ साली समवयस्क मित्रांसह त्यांनी विद्यार्थी मंडळ स्थापिले. तेथे व्याख्याने होत, थोरांच्या पुण्यतिथ्या साजऱ्या होत, आणि मित्रांनी मिळून ग्रंथसंग्रहही जमविला होता. त्या मंडळातील काही सोबती पुढे आयुष्यभर त्यांच्या कार्यात राहिले.

१९१३ साली ते मॅट्रिक झाले व बडोदे कॉलेजात दाखल झाले. परंतु मन वर्गात रमत नव्हते. दोन ओढी त्यांना विरुद्ध दिशांनी खेचीत होत्या: एक हिमालयाची, ब्रह्मजिज्ञासेची, दुसरी बंगालची, क्रांतीची. अरविंद घोष १९०६ साली बडोदे सोडून बंगालकडे गेले होते, आणि त्या वातावरणाची धग येथील तरुणांना लागत होती. याच दिवसांत एकदा आई चुलीपाशी असताना विनायकांनी आपली प्रमाणपत्रे गुंडाळून आगीत टाकली. कधीतरी उपयोगी पडतील म्हणून आईने हळहळ व्यक्त केली. मुलाला मात्र परतीची वाटच ठेवायची नव्हती. ज्ञानाविषयी अनादर त्यामागे नव्हता. ज्ञानाला नोकरीच्या बाजारातील किंमत चिकटविणाऱ्या कागदापासून त्यांना सुटका हवी होती. स्वतः रचलेल्या कवितांचीही त्यांनी पुढे हीच गत केली.

२५ मार्च १९१६ रोजी इंटरच्या परीक्षेसाठी मुंबईस निघालेले विनायक सुरतेस उतरले आणि काशीच्या गाडीत बसले. आपल्या हातून काही अनुचित घडणार नाही, एवढे आश्वासन देणारे पत्र त्यांनी घरी धाडले. काशीत अन्नछत्रात जेवावे, तेथे दक्षिणा म्हणून मिळणाऱ्या दोन पैशांत रात्रीचे दही-रताळे भागवावे आणि उरलेला वेळ अध्ययनात घालवावा, असा क्रम चालू असता, त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत हिंदू विश्वविद्यालयात झालेल्या गांधीजींच्या भाषणाचा वृत्तांत त्यांच्या वाचनात आला. पत्रव्यवहार झाला आणि ७ जून १९१६ रोजी ते अहमदाबादजवळच्या कोचरब आश्रमात पोहोचले. गांधीजी तेव्हा भाजी चिरीत होते. त्यांनी नवागताच्या हातीही सुरी दिली. हिमालयाची शांती आणि बंगालची क्रांती या दोहोंचा मेळ एका भाजी चिरणाऱ्या पुरुषाच्या ठायी विनोबांना दिसला.

तथापि गुरू भेटला म्हणून शोध संपला, असे झाले नाही. वर्षभराची रजा घेऊन ते वाईच्या प्राज्ञपाठशाळेत नारायणशास्त्री मराठे यांच्याकडे वेदान्त शिकले, पायी हिंडले आणि ठरल्या दिवशी आश्रमात परतले. १९१८ साली इन्फ्लुएंझाच्या साथीत रुक्मिणीबाई निवर्तल्या. संस्कृत गीता आपल्याला कळत नाही आणि मराठी समश्लोकीही अवघड जाते, असे त्या मुलास म्हणाल्या होत्या. तूच सोपी करून का देत नाहीस, असेही त्यांनी सुचविले होते. आईच्या पश्चात १९३०-३१ मध्ये 'गीताई' सिद्ध झाली. मराठीतील अत्यंत लोकप्रिय ठरलेल्या या ग्रंथाची मूळ वाचक तो वाचण्यास उरली नव्हती.

१८ एप्रिल १९५१ रोजी पोचमपल्ली येथे भूमिहीन हरिजनांनी ऐंशी एकर जमीन मागितली आणि रामचंद्र रेड्डी यांनी शंभर एकर देऊ केली. तेथून सुमारे तेरा वर्षे विनोबा देशभर चालत राहिले. फणस घरात आला की आधी शेजाऱ्यांना गरे वाटावेत आणि मग आपण खावेत, ही रुक्मिणीबाईंच्या घरची रीतच ते गावोगावच्या जमीनदारांना शिकवीत होते. चाळीस लाख एकरांहून अधिक जमीन दानपत्रांवर आली. त्यातील बरीच नापीक वा वादग्रस्त निघाली, बरीच वाटलीच गेली नाही. १९७५ च्या आणीबाणीतील त्यांच्या भूमिकेवरही कठोर टीका झाली, आणि ती सर्वस्वी निराधार होती असे म्हणता येणार नाही. चरित्रकाराने हे झाकू नये. मात्र जमिनीचा हिशेब अपुरा राहिला म्हणून ती पदयात्रा व्यर्थ ठरते काय, याचे उत्तर लक्ष तांदळांच्या त्या गोष्टीत शोधावे लागेल.

१५ नोव्हेंबर १९८२ रोजी, अन्नौषधाचा त्याग करून, पवनार येथे त्यांनी देह ठेवला. १९८३ साली त्यांना मरणोत्तर 'भारतरत्न' देण्यात आले. त्यांचे बडोदे कॉलेज पुढे महाराजा सयाजीराव विद्यापीठात समाविष्ट झाले. दरवर्षी असंख्य तरुण तेथून पदवीचे कागद घेऊन बाहेर पडतात. ते कागद जाळावेत असा उपदेश कोणी करू नये. विनोबांनीही आपल्या कृतीचा तसा दंडक केला नाही. परंतु प्रमाणपत्रे जाळल्यावर या माणसाने पुस्तक कधी खाली ठेवले नाही. परीक्षेसाठी नव्हे तर जगण्यासाठी वाचणारा असा एखादा विनायक आजही ग्रंथालयाच्या कोपऱ्यात बसलेला असेल. त्याच्यासाठी दिवा आणि दार उघडे ठेवणे, एवढे आपल्या हाती आहे.