वाद्यनिर्माता लिओ फेंडर

गवयाचें नांव लोकांच्या तोंडीं राहतें. त्याच्या हातांतील वाद्य घडविणाऱ्या कारागिराचें नांव मात्र बहुधा कोणास ठाऊक नसतें. या नियमास जे थोडे अपवाद आहेत, त्यांपैकीं अमेरिकेंतील लिओ फेंडर हे एक होत. रॉक संगीताच्या मंचावर ज्या विजेच्या गिटारी व जे ध्वनिवर्धक दिसतात, त्यांस आजचें रूप देण्यांत फेंडर यांचा वांटा फार मोठा आहे. आणि नवल हें, कीं या गृहस्थांस स्वतःस गिटार वाजवितां येत नसे.

क्लॅरन्स लिओनिडस फेंडर यांचा जन्म १० ऑगस्ट १९०९ रोजीं कॅलिफोर्नियांत, ॲनाहाइम व फुलर्टन या गांवांच्या दरम्यान एका शेतावर झाला. आईबाप संत्र्यांच्या बागायतीवर निर्वाह करीत. वयाच्या आठव्या वर्षीं गांठ झाल्यामुळें त्यांचा एक डोळा गेला व त्या जागीं कांचेचा डोळा बसवावा लागला. पुढें मोटारींच्या विद्युत्सामानाचें दुकान असलेल्या एका नातलगानें त्यांस जुन्या सुट्या भागांची पेटी पाठविली. त्याच नातलगानें घरीं जुळविलेल्या रेडिओचा मोठा आवाज ऐकून ते थक्क झाले, आणि तेव्हांपासून रेडिओ उघडणें व जुळविणें हाच त्यांचा छंद झाला. महाविद्यालयांत मात्र ते हिशेबनिशी शिकले. विजेचें शिक्षण त्यांनीं कोणत्याही वर्गांत घेतलें नाहीं. मंदीच्या दिवसांत नोकरी सुटली, तेव्हां ६०० डॉलर कर्ज काढून त्यांनीं १९३८ सालीं फुलर्टन येथें रेडिओ-दुरुस्तीचें दुकान घातलें.

या दुकानांत वादक मंडळी आपले बिघडलेले ध्वनिवर्धक घेऊन येत व आपली अडचणही सांगत. ढोल व पितळी वाद्यें यांच्या गजरांत गिटारचा नाजूक नाद बुडून जाई. सतारीस जसा भोपळा, तसें साध्या गिटारीस पोकळ खोकें असतें. तारेचा नाद त्यांत घुमून वाढतो. तारांखालीं लोहचुंबक व त्याभोंवतीं बारीक तारेचें वेटोळें बसविलें, तर तारांच्या कंपनानें त्यांत वीज उत्पन्न होते व ती वाढवून कर्ण्यांत सोडतां येते, हें तेव्हां ठाऊक होतें. परंतु आवाज फार वाढविला, कीं कर्ण्याच्या नादानें तें पोकळ खोकेंच थरारे आणि कर्कश शीळ सुटे. नाद वाढविण्याचें काम जर वीज करणार, तर मग पोकळ खोकें हवें कशाला, असा सरळ विचार फेंडर यांनीं केला. १९४५ सालीं डॉक कॉफमन यांच्या भागीदारींत त्यांनीं मांडीवर ठेवून वाजविण्याच्या गिटारी व ध्वनिवर्धक करण्यास आरंभ केला. पुढें भागीदार वेगळे झाले व फेंडर एकटेच राहिले.

१९५० सालीं त्यांनीं भरींव लांकडाची गिटार बाजारांत आणली. ती पाहून धंद्यांतील जाणते लोक हंसले. कोणी तिला होडीचें वल्हें म्हटलें, तर कोणी बर्फ उपसण्याचें फावडें. पण फेंडर यांची दृष्टि दुरुस्ती करणाऱ्याची होती. दांडी सरसानें न चिकटवितां त्यांनीं ती चार स्क्रूंनीं बसविली. मोडली तर थोड्या वेळांत दुसरी बसवावी. या गिटारीचें पहिलें नांव दुसऱ्या एका कंपनीच्या ढोलांच्या नांवाशीं जुळत असल्यामुळें बदलावें लागलें, व १९५१ सालीं ती टेलिकास्टर झाली. त्याच वर्षीं त्यांनीं बेस गिटार काढली. खर्जाचें जुनें वाद्य माणसाहून उंच, प्रवासांत नेण्यास अवघड, आणि पडदे नसल्यामुळें सूर नेमका लावण्यास कठीण. फेंडर यांची बेस गळ्यांत अडकवितां येई, व तिला पडदे असल्यामुळें सूर अचूक लागे. म्हणूनच तिला प्रिसिजन असें नांव मिळालें. १९५४ सालीं स्ट्रॅटोकास्टर आली. गिटारची कड बरगड्यांत रुततें अशी वादकांची तक्रार होती; म्हणून तिचें अंग शरीरास धरून गोलसर तासलें होतें.

नवें वाद्य झालें, कीं तें वादकाच्या हातीं देऊन त्याची टीका ऐकावी, हीच फेंडर यांची प्रयोगशाळा. डिक डेल हा वादक इतक्या जोरानें वाजवी, कीं ध्वनिवर्धकामागून ध्वनिवर्धक जळत. फेंडर यांनीं त्यास दोष न देतां अधिक बळकट यंत्र बनविलें. त्यांच्या बेसमन नांवाच्या ध्वनिवर्धकाचा कित्ता पुढें लंडनमध्यें जिम मार्शल यांनींही गिरविला.

इतकें यश येत असतां प्रकृति ढासळली. आपण फार दिवस जगत नाहीं असें वाटून त्यांनीं जानेवारी १९६५ मध्यें कंपनी सी.बी.एस. या संस्थेस १ कोटी ३० लक्ष डॉलरांस विकली. पुढें योग्य उपचार मिळून ते बरे झाले. परंतु आतां फेंडर हें नांव दुसऱ्याच्या मालकीचें होतें. १९६९ सालीं वुडस्टॉक येथील मेळाव्यांत जिमी हेंड्रिक्स या डावऱ्या वादकानें उजव्या हाताची स्ट्रॅटोकास्टर उलटी धरून वाजविली व ती जगभर गाजली, तेव्हां त्या कारखान्यावर तिच्या जनकाची सत्ता उरली नव्हती. दुसरा असता तर पैसा मोजीत बसला असता, अथवा खंत करीत. फेंडर यांनीं पुन्हां कानस व तारेचें वेटोळें हातीं घेतलें. प्रथम म्युझिक मॅन व नंतर जी. अँड एल. या कंपन्यांतून ते नवीं वाद्यें घडवीत राहिले. कंपवातानें ग्रासलें असतांही त्यांनीं कामावर जाणें सोडलें नाहीं. २१ मार्च १९९१ रोजीं त्यांचें देहावसान झालें.

विद्यार्थिमित्रहो, जें आपणांस येत नाहीं, तें ज्यांस येतें त्यांचें लक्षपूर्वक ऐकावें, आणि आपणांस जें येतें तें त्यांच्या उपयोगीं पाडावें, एवढेंच या कारागिराच्या थोरवीचें रहस्य आहे. ज्यास गिटारीवर एकही गत वाजवितां येत नव्हती, त्याच्या ऐकून घेण्याच्या गुणानें असंख्य वादकांच्या बोटांस वाचा फुटली.