गिरणगावचा हृद्रोगवैद्य : सर जेम्स मॅकेन्झी

प्रतिवर्षी या स्मरणिकेत एखाद्या कर्तबगार पुरुषाचे चरित्र वाचकांपुढे ठेवण्याचा आमचा प्रघात आहे. यंदा चरित्रनायकाची निवड करावयास बसलो असता मागील अंकांतील श्रद्धांजलीची पाने सहज चाळली. हृदयविकाराने निवर्तलेल्या ज्ञातिबांधवांची संख्या पाहून मन विषण्ण झाले. त्यांतील काहींच्या घरी आम्ही समाचारास गेलो होतो. चार दिवस आधी छातीत दुखत होते, पण वात धरला असेल म्हणून ओवा चावून निजले, असे उद्गार तेथे एकाहून अधिक वेळा कानी पडले. म्हणून यंदा ज्या वैद्याने रोग्याच्या अशा तक्रारींना शास्त्रात मानाचे स्थान मिळवून दिले, त्याचे चरित्र सादर करीत आहो.

जेम्स मॅकेन्झी यांचा जन्म स्कॉटलंडमधील स्कोन या गावी १२ एप्रिल १८५३ रोजी एका शेतकरी कुटुंबात झाला. शाळेत ते विशेष चमकले नाहीत. पंधराव्या वर्षी त्यांनी शाळा सोडली व पर्थ येथे एका औषधविक्रेत्याच्या हाताखाली उमेदवारी पत्करली. (शाळेत न चमकलेली मुले पुढे काय करून दाखवतील याचा नेम नसतो, हे आम्ही पस्तीस वर्षांच्या अनुभवाने सांगतो.) पुढे एडिंबरो विश्वविद्यालयात वैद्यकाचा अभ्यास करून १८७८ मध्ये ते पदवीधर झाले, आणि पुढील वर्षी इंग्लंडमधील लँकशायर परगण्यातील बर्नली या गावी व्यवसायास लागले.

बर्नली म्हणजे कापडगिरण्यांचे गाव. मुंबईच्या जुन्या गिरणगावाची ज्यांना आठवण आहे, त्यांना त्या गावाची कल्पना सहज येईल. दिवसभर मागावर राबणारे स्त्रीपुरुष आणि त्यांच्या दारोदार फिरणारा डॉक्टर. अशा फिरतीत एक गरोदर तरुणी त्यांच्या उपचाराखाली आली. तिला हृदयाचा विकार होता. प्रसूतिसमयी तिला भयंकर धाप लागली आणि मॅकेन्झी यांच्या डोळ्यांदेखत ती मरण पावली. अशा स्त्रीचे हृदय प्रसूतीचा भार सोसेल की नाही, हे आधी सांगता यावयास हवे होते. त्यांनी ग्रंथ धुंडाळले, परंतु त्यांत उत्तर नव्हते. त्या एका मृत्यूने त्यांच्या आयुष्याची दिशा ठरली.

येथे थोडे विषयांतर क्षम्य मानावे. लहानपणी घसा येऊन पुढे सांधे सुजतात, ताप येतो, आणि त्यातून हृदयाच्या झडपेस इजा पोहोचून ती आकसते. हा संधिवाताचा ताप आपल्या देशातून अद्याप हद्दपार झालेला नाही. मुलीस लहानपणी असा ताप येऊन गेला असेल, अथवा जिना चढताना तिला वाजवीपेक्षा अधिक धाप लागत असेल, तर विवाहापूर्वी वा निदान गरोदरपणाच्या आरंभीच तिचे हृदय तपासून घ्यावे. स्थळ मोडेल या भीतीने ही गोष्ट दडवून ठेवणारी घरे आम्ही पाहिली आहेत.

मॅकेन्झी यांनी मनगटाची नाडी व मानेतील शिरेची उसळी एकाच वेळी कागदावर उमटविणारे यंत्र तयार केले, व पुढे एका घड्याळजीच्या साहाय्याने त्यास शाईने रेघ ओढणाऱ्या सुटसुटीत यंत्राचे रूप दिले. परंतु यंत्राहून मोठी गोष्ट म्हणजे त्यांची चिकाटी. बर्नलीत ते सुमारे अठ्ठावीस वर्षे राहिले. ज्याची नाडी आज टिपली, तोच मनुष्य पाच वर्षांनी, दहा वर्षांनी कसा आहे, हे ते पाहत. मोठ्या रुग्णालयातील विद्वानांस ही संधी नसते. तेथील रोगी येतो आणि जातो. गावच्या डॉक्टराचा रोगी मात्र त्याच्या डोळ्यांपुढे म्हातारा होतो.

या निरीक्षणातून त्यांस दिसून आले की, नाडीची प्रत्येक अनियमितता घातक नसते. तरुणांची नाडी श्वासाबरोबर कमीअधिक होते, ती निरोगीपणाचीच खूण होय. मध्येच एखादा ठोका चुकल्यासारखा वाटणारेही बहुतेक जण पुढे सुखाने जगले. हृदयात किंचित आवाज ऐकू येतो एवढ्यावरून धडधाकट माणसांना अंथरुणास खिळवून ठेवण्याची त्या काळी रीत होती; तिच्यावर त्यांनी कडाडून हल्ला चढविला. आमच्या वर्गात असाच एक विद्यार्थी होता. कोणा डॉक्टराने छातीत आवाज सांगितला आणि घरच्यांनी कवायत, कबड्डी, सहल सर्व बंद केले. सहा वर्षांनी नीट तपासणी झाली, तेव्हा हृदय ठणठणीत निघाले. ती सहा वर्षे त्या मुलास कोण परत देणार?

मात्र एक अनियमितता त्यांस निराळी आढळली. तीत नाडीला ताल म्हणून राहत नाही, आणि हृदयाच्या वरच्या कप्प्यांची, म्हणजे कर्णिकांची, लाट आलेखातून नाहीशी होते. कर्णिका आकुंचन न पावता नुसत्या थरथरत असतात, हा उलगडा पुढे विद्युत्-आलेखाने झाला. अशा रोग्यांची धावती नाडी डिजिटॅलिस या वनस्पतिजन्य औषधाने मंदावते व धाप कमी होते, हे मॅकेन्झी यांनी प्रत्ययास आणून दिले.

१९०२ मध्ये त्यांचा नाडीवरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. १९०७ मध्ये ते लंडनला गेले. १९०८ मध्ये हृद्रोगावरील ग्रंथ निघाला आणि कीर्ती पसरली. १९१५ मध्ये सर हा किताब मिळाला. पहिल्या महायुद्धात हृदयाच्या शंकेवरून निकामी ठरविलेल्या अनेक सैनिकांचे हृदय वस्तुतः चांगले आहे, असे त्यांनी बजावले.

त्यांचे स्वतःचे हृदय मात्र चांगले नव्हते. लंडनच्या काळापासून छातीतील कळ त्यांना गाठू लागली. चालताना वा चढ चढताना छाती आवळल्यासारखी होणे, कळ हातात उतरणे आणि थांबल्यावर ती शमणे, ही लक्षणे ते आता स्वतः अनुभवीत होते. हृदयाचे दुखणे हातात का जाणवते, याचा त्यांनी पूर्वीच अभ्यास केला होता : हृदयाकडून व हाताकडून येणारे मज्जातंतू पाठीच्या कण्यातील रज्जूच्या एकाच भागात पोहोचतात, म्हणून मेंदूची फसगत होते. १९२३ मध्ये या विकारावर त्यांनी ग्रंथ लिहिला, व त्यात आपले नाव न घालता आपल्याच दुखण्याची हकीकत इतर रोग्यांच्या बरोबरीने नोंदविली.

त्यांच्या सर्व मतांस आज मान्यता नाही. विद्युत्-आलेखाच्या यंत्राविषयी त्यांस शेवटपर्यंत पुरेसा विश्वास वाटला नाही. आज ई. सी. जी., सोनोग्राफीच्या जातीची इको तपासणी, रक्तवाहिन्यांची अँजिओग्राफी यांवाचून निदान पुरे होत नाही. ठोका चुकणे बहुधा निरुपद्रवी असले, तरी त्याबरोबर भोवळ वा मूर्च्छा येत असल्यास तपासणी अवश्य करावी. आणि विश्रांती घेऊनही न थांबणारी कळ, दरदरून घाम, धाप, अशी लक्षणे दिसताच ओवा-सोडा न देता थेट हृद्रोगोपचाराची सोय असलेले रुग्णालय गाठावे. तुंबलेली रक्तवाहिनी पहिल्या काही तासांत मोकळी झाली, तर हृदयाचा स्नायू वाचतो. स्त्रिया व मधुमेही यांच्यात कळ नसून केवळ धाप वा कमालीचा थकवाही असू शकतो. घरातील गृहिणी थकल्याचे सांगते तेव्हा ते कोणी मनावर घेत नाही, म्हणून हे मुद्दाम लिहिले.

१९१८ मध्ये लंडनचा भरभराटीचा व्यवसाय सोडून मॅकेन्झी स्कॉटलंडमधील सेंट अँड्र्यूज या लहान गावी गेले. रोगाची अगदी पहिली चिन्हे गावच्या डॉक्टरांनीच टिपावीत, यासाठी तेथे त्यांनी १९१९ मध्ये एक संशोधनसंस्था काढली. प्रकृती ढासळत गेली. २६ जानेवारी १९२५ रोजी लंडन येथे त्यांचे देहावसान झाले. मृत्यूनंतर आपले हृदय तपासले जावे, अशी त्यांची इच्छा होती. त्याप्रमाणे ते उघडून पाहण्यात आले. त्याच्या रक्तवाहिन्या विकाराने अरुंद झालेल्या होत्या, आणि स्नायूवर पूर्वीच्या झटक्याचा जुना व्रण होता. ते हृदय पुढे सेंट अँड्र्यूजच्या विश्वविद्यालयात जतन करण्यात आले.