दरीतली बाग: ऑकलंडचे सर आर्थर मायर्स



न्यूझीलंडला लेकाकडे-लेकीकडे येणारी आपली मंडळी ऑकलंडचा स्काय टॉवर बघतात, बोटीत बसून बेटावर जाऊन येतात, पण मायर्स पार्कमध्ये फारसं कोणी जात नाही. खरं तर क्वीन स्ट्रीटच्या मागेच आहे ती बाग. ती आपल्याच एका यहुदी माणसाने शहराला दिली, हे तर अनेकांना ठाऊकच नसतं. म्हणून त्यांची थोडी हकीकत लिहिते.

आर्थर मायर्स यांचा जन्म 1867 सालचा, ऑस्ट्रेलियातल्या बॅलरॅट गावचा. आईचं माहेरचं आडनाव एरेनफ्रीड. मामा लुई एरेनफ्रीड हे जर्मनीहून आलेले. त्यांनी न्यूझीलंडच्या थेम्स गावी दारूभट्टी काढली होती, बिअरची. थेम्सला तेव्हा सोनं सापडलेलं, खाणकामगारांची झुंबड उडालेली, म्हणजे गिऱ्हाइकाला तोटा नाही. भाचा मामाच्या हाताखाली धंदा शिकला. पुढे धंदा ऑकलंडला आला आणि 1897 मध्ये सर जॉन लोगन कॅम्पबेल यांच्या कंपनीशी एक होऊन कॅम्पबेल अँड एरेनफ्रीड ही मोठी कंपनी झाली. त्याच वर्षी मामा वारले. तिशीतल्या आर्थरवर सगळा भार आला.

इथे एक गोष्ट समजून घ्यायला हवी. त्या काळी बिअरचा धंदा हा अर्धा जागांचा धंदा होता. हॉटेलची इमारत किंवा तिचा भाडेपट्टा कंपनीने घ्यायचा, आणि तिथे चालवायला बसलेल्या माणसाने कंपनीचीच बिअर विकायची. म्हणजे कुठल्या नाक्यावर कोणती जागा, पट्टा किती वर्षांचा, रस्ता रुंद झाला तर किंमत किती चढेल, ही सगळी गणितं. मायर्स वकील नव्हते, पण शहराच्या जमिनीचा त्यांचा अभ्यास कोणा वकिलापेक्षा कमी नसणार असं मला वाटतं. पुढे नगरपालिकेत हाच अभ्यास कामाला आला.

1905 मध्ये ते ऑकलंडचे महापौर झाले आणि 1909 पर्यंत राहिले. त्यांनी धरलेलं मोठं काम म्हणजे ग्राफ्टन पूल. एका बाजूला सायमंड्स स्ट्रीट, दुसऱ्या बाजूला ग्राफ्टन आणि तिथलं मोठं इस्पितळ, मध्ये खोल दरी. आधी सगळा वळसा नाहीतर चढउतार. सिमेंट काँक्रीटचा असा पूल बांधायचा की ज्याची मधली कमान 97 मीटरच्या वर, त्या काळी जगात एवढी मोठी काँक्रीटची कमान दुसरी नव्हती. लोकांना भीती वाटली, खर्चावरून कटकट झाली, आणि काम चालू असतानाच बांधणाऱ्या कंपनीचं दिवाळं वाजलं! शेवटी पालिकेने काम पुरं करून घेतलं. 1910 मध्ये पूल खुला झाला, तेव्हा मायर्स महापौर नव्हते. मी स्वतः रात्रपाळी संपवून कितीदा या पुलावरून चालत आले आहे. पेशंटला भेटायला जाणाऱ्या म्हाताऱ्या बायकांना तो किती उपयोगी पडतो, ते नर्सला विचारावं.

पुलाच्या सायमंड्स स्ट्रीटकडच्या तोंडाशीच शहराचं जुनं कबरस्तान आहे. त्यात आपल्या यहुदी लोकांचा भाग वेगळा, कारंगाहापे रोडच्या कोपऱ्याला, हिब्रू अक्षरं कोरलेल्या कबरी. 1960 च्या दशकात दरीतून मोटारींचा मोठा रस्ता काढला तेव्हा ख्रिस्ती भागातली चार हजारांवर माणसं कबरीतून उचलून दुसरीकडे ठेवावी लागली. आपला भाग वाचला.

आता बागेकडे येते. क्वीन स्ट्रीटच्या वरच्या अंगाला एक घळ होती, तिथून वाइहोरोटिऊ नावाचा ओढा वाहायचा. खाली शहरात त्या ओढ्याचं गटार झालेलं. घळीत दाटीवाटीने घरं, ओल, उंदीर. आपल्या मुंबईला 1896 मध्ये प्लेग आला आणि घरोघर काय हाहाकार झाला ते आपण आजी-पणजीकडून ऐकलंय. 1900 मध्ये ऑकलंडलाही प्लेगची धास्ती बसली आणि अशा वस्त्यांकडे सरकारचं लक्ष गेलं. 1913 मध्ये मायर्स यांनी ही घळ विकत घेण्यासाठी पालिकेला 9,000 पौंड दिले. सहा एकरांच्या वर जागा, भर शहरात. जागांचा व्यवहार कळणाऱ्या माणसाला तिथे काय काय उभं करता आलं असतं, ते सांगायला नको. 1915 च्या जानेवारीत बाग खुली झाली. पाठोपाठ 1916 मध्ये त्यांनीच दिलेल्या पैशातून बागेत बालवाडीची इमारत झाली. कामावर जाणाऱ्या गरीब आयांच्या पोरांना फी नाही. मुलाला ऊन आणि मोकळी हवा मिळाली की निम्मं औषध वाचतं, हे मी चाळीस वर्षं वॉर्डात पाहिलंय.

पण लिहायचं तर सगळं लिहावं. त्या घळीत राहणारी माणसं घरं पाडल्यावर कुठे गेली, हा प्रश्न माझ्या मनातून जात नाही. आणि पैसा आला तो बिअरमधून. ज्या घरचा बाप शनिवारी पगार पिऊन यायचा, त्याच घरची पोरं त्या बालवाडीत गेली असतील. मायर्स यांना हे त्या काळीही ऐकावं लागलं. 1910 पासून ते ऑकलंड ईस्टचे खासदार, 1912 मध्ये काही महिने अर्थमंत्री, पहिल्या महायुद्धात 1915 पासून 1919 पर्यंत जकात आणि युद्धसामग्री ही खाती त्यांच्याकडे. दारूबंदीवाले तेव्हा जोरात होते. बिअरवाला मंत्री मंत्रिमंडळात असताना 1917 मध्ये दारूचे गुत्ते संध्याकाळी सहाला बंद करण्याचा कायदा झाला! 1919 च्या मतदानात तर पूर्ण दारूबंदी येता येता राहिली, परदेशातल्या सैनिकांच्या मतांनी ती अडली. मी त्यांना संत म्हणणार नाही. पण दारूवर श्रीमंत झालेले पुष्कळ होते, दरी विकत घेऊन देणारा हा एकच.

1921 मध्ये खासदारकी सोडून ते इंग्लंडला गेले. 1924 मध्ये सर झाले. 1926 च्या ऑक्टोबरात लंडनमध्ये वारले, वय एकोणसाठ. पुढे 1935 मध्ये ऑकलंडला आणखी एक यहुदी महापौर मिळाले, अर्नेस्ट डेव्हिस. तेही बिअरच्याच धंद्यातले, आणि त्यांनी तर एक आख्खं बेट शहराला देऊन टाकलं.

1968 मध्ये ऑकलंडचं सिनेगॉग प्रिन्सेस स्ट्रीटवरून ग्रेज अव्हेन्यूला आलं, म्हणजे नेमकं या बागेच्या अंगाला. आणि 1971 मध्ये बागेत मोशेचा पांढरा संगमरवरी पुतळा आला, मायकेलअँजेलोच्या पुतळ्याची नक्कल. तो एका मोठ्या दुकानाने दिला, त्याचा मायर्स यांच्याशी काही संबंध नाही, पण बघणाऱ्याला वाटतं की मुद्दामच ठेवलाय.

कधी आलात तर जरूर जा. कारंगाहापे रोडवरून सेंट केव्हिन्स आर्केडमधून पायऱ्यांनी खाली उतरता येतं, वरून ताडामाडांसारखी झाडं छान दिसतात. गुडघे दुखत असतील तर मात्र क्वीन स्ट्रीटकडून या, तिकडून चढ कमी आहे. बालवाडी अजून आहे. सकाळी दहाच्या सुमारास गेलात तर पोरांचा कलकलाट ऐकू येतो.