वसईचे गोन्सालो आणि देवाची योजना



आपल्या वैशाखऱ्याहून वसई काही फार दूर नाही. कल्याणला उतरून पुढची गाडी धरली की पोहोचलो. त्या वसईत सुमारे १५५७ साली एक मूल जन्माला आले. वडील पोर्तुगीज, आई आपल्या इकडचीच. हेच पुढे संत गोन्सालो गार्सिया झाले. भारतभूमीत जन्मलेले पहिले संत म्हणून ख्रिस्तसभा त्यांचा सन्मान करते. त्यांचा सण आपण फेब्रुवारीत पाळतो. परंतु त्यांनी मनाशी जे ठरवले होते ते त्यांना मिळाले नव्हते, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे?

वसईच्या किल्ल्यात येशूसंघीय धर्मगुरूंची शाळा होती. गोन्सालो तिथे शिकले आणि साधारण पंधराव्या वर्षी त्या धर्मगुरूंबरोबर जहाजाने जपानला गेले. तिथली भाषा त्यांनी इतकी चांगली आत्मसात केली की जपानी माणसांशी ते सहज बोलू लागले. धर्मशिक्षक म्हणून त्यांनी काही वर्षे मनापासून सेवा केली. आपणही येशूसंघात व्रतस्थ व्हावे ही त्यांची एकच इच्छा होती. ती पूर्ण झाली नाही. संघात त्यांना प्रवेश मिळाला नाही.

विचार करा, घर सोडले, देश सोडला, तरुणपण सेवेत घातले आणि शेवटी दार बंद! अशा वेळी माणूस देवावर रुसतो. गोन्सालो रुसून देवळापासून दूर गेले नाहीत. पोटासाठी त्यांनी व्यापार सुरू केला, त्यात त्यांचा जम बसला. व्यापारानिमित्त ते फिलिपाइन्समधील मनिला शहरी गेले. तिथे त्यांची फ्रान्सिस्कन संघाशी ओळख झाली. चांगला चाललेला धंदा सोडून ते त्या संघात साधे बंधू म्हणून दाखल झाले. धर्मगुरू नाही, केवळ बंधू.

आता देवाची करणी पाहा. १५९३ साली फादर पेद्रो बाप्तिस्ता यांना मनिलाच्या स्पॅनिश गव्हर्नरचे दूत म्हणून जपानला जायचे होते. तिथला सत्ताधीश हिदेयोशी याने १५८७ साली मिशनरींना देश सोडण्याचा हुकूम काढला होता. त्याच्यासमोर बोलायला जपानी भाषा जाणणारा दुभाषी हवा होता. तो मिळाला बंधू गोन्सालो यांच्या रूपाने. धर्मशिक्षक म्हणून घालवलेली वर्षे आणि व्यापारातली वर्षे, वाया गेली असे ज्यांच्याविषयी वाटले असते, तीच आता कामी आली. क्योतो शहरात या बंधूंनी चर्च बांधले आणि कुष्ठरोग्यांसाठी रुग्णालय चालवले.

पुढे १५९६ साली सान फेलिपे नावाचे स्पॅनिश जहाज वादळात सापडून जपानच्या किनाऱ्याला लागले. त्या प्रकरणातून हिदेयोशीचा संशय आणि राग वाढला. फ्रान्सिस्कन बंधूंना व त्यांच्या ख्रिस्ती सोबत्यांना अटक झाली. १५९७च्या जानेवारीत प्रत्येकाच्या डाव्या कानाचा तुकडा कापून त्यांची धिंड काढण्यात आली. भर थंडीत सुमारे महिनाभर त्यांना नागासाकीपर्यंत नेले. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी तिथल्या निशिझाका टेकडीवर सव्वीस जणांना क्रुसावर बांधून भाल्याने मारले. त्यात बारा-तेरा वर्षांची मुलेही होती. ज्या येशूसंघात गोन्सालोंना प्रवेश मिळाला नव्हता, त्या संघाचे पॉल मिकी आणि आणखी दोघे त्याच ओळीत क्रुसावर होते. १६२७ साली या रक्तसाक्षींना धन्य आणि १८६२ साली संत घोषित करण्यात आले.

इथे आपण एक गोष्ट नीट समजून घेऊ. हिदेयोशीचे क्रौर्य देवाला हवे होते असे आपण म्हणत नाही. पाप हे पापच. परंतु माणसाच्या पापाने देवाचा हात बांधला जात नाही, हा आपला विश्वास आहे. योसेफाला भावांनी विकले, तरी त्याच्याच हातून देवाने दुष्काळात त्या भावांना जगवले. नागासाकीतही तसेच घडले. पुढे जपानमध्ये ख्रिस्ती धर्मावर बंदी आली, छळ झाला, एकही धर्मगुरू उरला नाही. दोनशेहून अधिक वर्षे लोकांनी गुपचूप मुलांना स्नानसंस्कार दिला, प्रार्थना तोंडपाठ ठेवल्या. १८६५ साली नागासाकीत याच सव्वीस हुतात्म्यांच्या नावाने बांधलेल्या चर्चमध्ये त्यांचे वंशज फ्रेंच धर्मगुरूंना येऊन भेटले. हे फळ गोन्सालोंनी डोळ्यांनी पाहिले नाही.

आपल्याही घरांत बंद दारे आहेत. भात कापणीला आले आणि पावसाने झोडपले. मुलगा शिकला, पण नोकरी लागत नाही. लग्न जमता जमता मोडले. आजारपणाने साठवलेले सगळे संपले. अशा घरी जाऊन देवाची मर्जी एवढेच बोलून परत येणे हा विश्वास नाही. त्यांच्याजवळ बसावे, हाताला हात लावावा. आणि ज्याच्यावर वेळ आली आहे त्याने आज समोर असलेले काम सोडू नये. गोन्सालोंनी हेच केले. पुढची वाट दिसत नव्हती तेव्हा त्यांनी व्यापार केला, भाषा जपली, प्रार्थना सोडली नाही. देवाने बोलावले तेव्हा ते तयार होते.

या आठवड्यात रोझरीच्या वेळी आपण सर्वांनी आपले एक बंद दार देवापुढे ठेवू या. ते उघडावे म्हणून मागू या. नाही उघडले, तरी त्याच्यावरचा भरवसा ढळू नये, हेही मागू या.

संत गोन्सालो गार्सिया, आम्हांसाठी विनंती करा.