नात्याचे चिंतामणराव

महाडहून रायगडाकडे जाताना नाते गाव लागतं. गडावर जायची घाई असलेली मंडळी तिथे थांबत नाहीत. पण मैत्रिणींनो, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख १४ जानेवारी १८९६ रोजी या गावात जन्मले.

वडील रोह्याला वकील. १९१२ च्या मॅट्रिकला चिंतामणने संस्कृतची मानाची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती मिळवली. पुढे केंब्रिजला जाऊन शिकला काय, तर वनस्पतिशास्त्र, रसायनशास्त्र आणि भूगर्भशास्त्र! मग आयसीएस होऊन सरकारी नोकरी. रिझर्व्ह बँकेत ते १९३९ मध्ये आले आणि ११ ऑगस्ट १९४३ ला गव्हर्नर झाले.

काळ महायुद्धाचा, महागाईचा. फाळणीच्या आगेमागे बंगालमध्ये अनेक लहान बँका बुडाल्या. ठेवीदारांचे हाल आपण कल्पनेनेही ओळखू शकतो. चिंतामणराव गव्हर्नर असतानाच १९४९ चा बँकिंग कायदा आला. बँकेला परवाना हवा, तिची तपासणी व्हायला हवी, ठेवींचा काही भाग रोख, सोनं किंवा सरकारी रोख्यांत राखून ठेवायला हवा. आज आपल्याला हे साधंच वाटतं, पण तेव्हा ते नवं होतं. सहकारी बँका मात्र १९६६ मध्ये या कायद्याखाली आल्या. आणि पतसंस्था? त्या सहकार खात्याकडे. बँकेतल्या ठेवीला माणशी पाच लाखांपर्यंत विमा असतो, पतसंस्थेतल्या ठेवीला तो नाही. हे मला कळलं ते आमच्या ओळखीतल्या एका बाईंचे पैसे अडकल्यावर. लेकीच्या लग्नासाठी दूध विकून साठवलेले होते. संस्थेची पाटी मोठी, एजंट घरी येऊन पैसे न्यायचा, त्यामुळे बाईंना ती बँकच वाटली. अर्थात बँक म्हटली की सगळं निर्धास्त, असंही नाही. आपल्याच जिल्ह्यातल्या पेण अर्बन बँकेवर २०१० मध्ये निर्बंध आले, नंतर तिचा परवानाही गेला.

१९५० मध्ये चिंतामणराव देशाचे अर्थमंत्री झाले. १९५२ ला कुलाब्यातून निवडून आले, म्हणजे आपलेच खासदार! त्या काळात झालेल्या पाहणीत दिसलं, की शेतकऱ्याच्या कर्जात सहकारी संस्थांचा वाटा शंभरात जेमतेम तीन रुपये. बाकी बराचसा कारभार सावकाराचा. १ जुलै १९५५ ला स्टेट बँक झाली आणि पाच वर्षांत चारशे नव्या शाखा काढायचं बंधन तिच्यावर घातलं गेलं.

शेअर बाजारांना सरकारी चौकटीत आणणाऱ्या १९५६ च्या कायद्याचं विधेयकही त्यांच्याच कारकिर्दीत संसदेत आलं. पण कायदा लबाडी रोखू बघतो, भाव पडणं रोखू शकत नाही. बँक ठरलेले पैसे परत करायला बांधील असते. शेअरचं तसं नाही, आज दुसरा जितके देईल तितकीच त्याची किंमत. मार्च २०२० मध्ये बाजार कोसळला तेव्हा माझ्या जावेने मुलाला म्युच्युअल फंड तळाच्या भावात विकायला लावला. वर्ष संपायच्या आत बाजार वर आला होता. दरवेळी इतक्या लवकर येतोच असं नाही, म्हणून घरखर्चाचे पैसे तिथे मी कधी ठेवत नाही.

१९५६ मध्ये मुंबईच्या प्रश्नावर चिंतामणरावांनी मंत्रिपद सोडलं. खुर्चीला चिकटून राहण्याचा स्वभाव नव्हता. पुढे विद्यापीठ अनुदान आयोग, दिल्ली विद्यापीठ. पत्नी दुर्गाबाई स्वतः मोठ्या समाजसेविका, त्यांच्यावर वेगळं लिहायला हवं. २ ऑक्टोबर १९८२ ला हैदराबादला चिंतामणराव गेले.

परवा पोलादपूरच्या बचत गटात त्यांची ही गोष्ट सांगितली आणि बायकांना पिशवीतली पासबुकं काढायला लावली. अकरा निघाली, त्यातली चार पतसंस्थेची. तिघींना तोवर ती बँकच वाटत होती.