३ रुपये पगारावर पीच झाडणारा कोकणी पोरगा इंग्लंडमध्ये ११४ विकेट्स घेऊन आला : गोष्ट पालवणकर बाळूंची

दिवाळी सरली की पेण आणि रोहा तालुक्यातल्या गावांमध्ये टेनिस क्रिकेटच्या स्पर्धा सुरू होतात. भाताचं शेत कापून मोकळं झालेलं असतं, त्यावर रोलर फिरतो, मांडव पडतो, माईकवर कॉमेंट्री सुरू होते. यातलं एखादं पोरगं पुढे लेदर बॉलवर जातं, मुंबईच्या क्लबात जातं आणि गाव त्याच्याकडे डोळे लावून बसतं.

कोकणातल्या मातीतला पहिला मोठा क्रिकेटर मात्र असा मैदान गाजवून वर आला नव्हता. तो आला मैदान झाडत. नाव पालवणकर बाळू.

आडनावावरून गाव कळतं. रत्नागिरी जिल्ह्यातलं पालवण. घर चर्मकार समाजाचं, वडील लष्करात नोकरीला. त्यामुळे बाळूंचा जन्म १८७६ साली धारवाडला झाला आणि बालपण गेलं पुण्यात. छावणीतले गोरे अधिकारी खेळून झालं की जुनं सामान टाकून द्यायचे. बाळू आणि धाकटा भाऊ शिवराम त्यावरच क्रिकेट शिकले. कोच नाही की अकादमी नाही.

पहिली नोकरी लागली पुण्यातल्या पारशी मंडळींच्या क्रिकेट क्लबात. काम पीच झाडायचं, रोलर फिरवायचा. पगार महिना ३ रुपये. मधूनमधून मेंबरांना बॉलिंग करायला मिळायची.

१८९२ च्या सुमारास ते पूना क्लबात गेले. हा क्लब गोऱ्यांचा. पगार वाढून ४ रुपये झाला. इथेही काम तेच, नेट बांधायची, पीच आखायचं, मैदान राखायचं. पण इथे त्यांच्या हातातली कला एका माणसाने हेरली. कॅप्टन ग्रेग हा त्या काळातला भारतातला नावाजलेला इंग्रज बॅट्समन. तो बाकीच्यांच्या तासभर आधी मैदानावर यायचा आणि बाळूंकडून बॉलिंग करून घ्यायचा. प्रत्येक वेळी आउट केल्यावर तो बाळूंना ८ आणे द्यायचा, अशी गोष्ट सांगितली जाते. ती खरी असेल तर महिन्यातून ८ वेळा ग्रेगची विकेट काढली की पगार दुप्पट!

बाळू डावखुरे स्लो बॉलर. बॉल दोन्ही बाजूंना वळवायचे, वेग कमीजास्त करायचे आणि तासन्‌तास न थकता टाकत राहायचे. पूना क्लबच्या नेटमध्ये त्यांनी शेकडो तास बॉलिंग केली. बॅटिंग मात्र त्यांना कधीच दिली गेली नाही. बॉल टाकणं हे नोकराचं काम, बॅट धरणं साहेबाचं. सरळ हिशोब होता.

आता पुण्यातल्या हिंदू क्लबला युरोपियनांना हरवायचं होतं. त्यासाठी लागणारा बॉलर त्याच शहरात होता, पण तो त्या काळी अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातीचा. क्लबात वाद झाला. काही तेलुगू मेंबर बाळूंना घ्या म्हणत होते, मराठी ब्राह्मण मेंबरांचा विरोध होता. शेवटी जिंकायची गरज मोठी ठरली आणि बाळू टीममध्ये आले.

पण टीममध्ये येणं वेगळं आणि पंगतीत बसणं वेगळं. मैदानात बाळूंच्या हातातला बॉल सगळे घ्यायचे. चहाची वेळ झाली की बाकीचे पॅव्हेलियनमध्ये कपातून चहा प्यायचे आणि बाळूंना बाहेर, फेकून द्यायच्या मातीच्या भांड्यात. जेवणाचं ताटही वेगळं. तोच बॉल, तेच हात, पण चहा आला की नियम बदलायचे. टीम मात्र त्यांच्या जिवावर जिंकत राहिली. पुढे न्यायमूर्ती रानडे आणि लोकमान्य टिळकांनी त्यांचा जाहीर सत्कार केला, तेव्हा ही पंगतीतली अट हळूहळू ढिली होत गेली.

प्लेगच्या काळात, १८९६ च्या सुमारास कुटुंब मुंबईला आलं. तिथल्या हिंदू जिमखान्यातही प्रवेशावरून कुरबुर झालीच. कॅप्टन कीर्तिकरांनी बाजू लावून धरली आणि बाळू आत आले. सोबत रेल्वेची नोकरी होती, तिच्या टीमकडूनही ते खेळायचे. म्हणजे पोट क्रिकेटवरच चाललं होतं.

मग आलं १९०६ साल. मुंबईत हिंदू विरुद्ध युरोपियन असा सामना झाला. हिंदूंच्या २४२ आणि १६० धावा, युरोपियनांच्या १९१ आणि १०२. हिंदू १०९ धावांनी जिंकले. बाळूंनी दोन्ही डावांत मिळून ८ विकेट्स काढल्या. स्वदेशीच्या चळवळीचे ते दिवस, त्यामुळे या विजयाची चर्चा मैदानाबाहेरही भरपूर झाली.

१९११ मध्ये पटियालाच्या महाराजांच्या कप्तानीखाली भारतीय टीम इंग्लंडला गेली. बाळूंचं वय तेव्हा ३५ आणि खांदा दुखरा. टीम बहुतेक सामने हरली. बाळूंनी मात्र दौऱ्यात ११४ विकेट्स घेतल्या, त्यातल्या ७५ फर्स्ट क्लास सामन्यांत. लेस्टरशायरला हरवलं त्या सामन्यात एकट्याच्या ११ होत्या. भाऊ शिवरामही याच टीममध्ये होता.

एवढं होऊनही हिंदू टीमची कप्तानी बाळूंना मिळाली नाही. १९२० मध्ये तर त्यांना टीममधूनच वगळलं आणि कप्तानीसाठी धाकट्या विठ्ठललाही डावललं. शिवराम आणि विठ्ठल यांनी जाहीर पत्रक काढून टीम सोडली. लोकांचा पाठिंबा भावांना मिळाला. फायनलला बाळू उपकप्तान म्हणून परतले, आणि कॅप्टन पै मैदानाबाहेर गेले तेव्हा काही काळ टीमची सूत्रं त्यांच्या हातात आली. तेवढीच. १९२३ मध्ये विठ्ठल हिंदूंचा कप्तान झाला आणि टीम जिंकली.

बाळूंची फर्स्ट क्लास कारकीर्द ३३ सामन्यांची. विकेट्स १७९, सरासरी १५ च्या आसपास. भारताने पहिली टेस्ट खेळली १९३२ मध्ये, तोवर ते ५६ वर्षांचे झाले होते.

त्याच वर्षी त्यांचं नाव वेगळ्याच कागदावर आलं. पुणे करारावर सही करणाऱ्यांमध्ये बाळू होते. तरुणपणी डॉ. आंबेडकरांना बाळूंचा मोठा अभिमान होता. पण राजकारणात वाटा वेगळ्या झाल्या. १९३७ च्या मुंबई विधानसभेच्या निवडणुकीत काँग्रेसने आंबेडकरांसमोर उभं केलं ते बाळूंनाच. आंबेडकरांना १३,२४५ मतं पडली, बाळूंना ११,२२५. पराभव झाला, पण समोर कोण होतं हे बघितलं तर २ हजारांचं अंतर फार नव्हतं.

४ जुलै १९५५ ला मुंबईत बाळूंचं निधन झालं.